पुढच्या गाडीनं हळू व्हायचं

माझ्या मित्राच्या खोलीतली खुर्ची जीपची होती. भंगारात निघालेल्या जीपमधून त्याच्या चुलत्यांनी ती काढून आणली आणि वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चौकटीवर बसवून घेतली. समोर टेबलाला घट्ट आवळलेलं स्टिअरिंग, खाली पेडलं, आणि भिंतीवर मोठा टीव्ही. ओतूरच्या बाजारात, त्यांच्या कांद्याच्या वखारीच्या वर ही खोली आहे. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला जे वाटलं ते कौतुक आहे, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते कौतुक नव्हतं.

मी माळशेजच्या बाजूचा. आमच्याकडे भात आणि नाचणी होते, बाकी डोंगर. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून ओतूरला होस्टेलवर राहतो. माझा मित्र वर्गात माझ्या शेजारी बसायचा, कारण माझ्या वह्या पूर्ण असायच्या. त्याच्या घरची बागायत आहे, दोन ट्रॅक्टर आहेत आणि शर्यतीचे बैल आहेत. तो कुणाशीही पाच मिनिटांत ओळख करून घेतो. मला दुकानात सुटे पैसे मागायचे असले तरी आधी वाक्य जुळवावं लागतं.

गाड्यांच्या लांब शर्यतींचं वेड मात्र माझं होतं. बारावीच्या सुट्टीत मोबाईलवर वाचता वाचता ते लागलं. फ्रान्समध्ये एक शर्यत असते, दिवसरात्र चोवीस तास चालते. एका गाडीत आळीपाळीनं वेगवेगळे चालक बसतात, पाऊस येतो, धुकं येतं, गिअर तुटतात, आणि जो टिकतो तो जिंकतो. मी तिथल्या जुन्या शर्यतींच्या हकिगती इंग्रजीतून अडखळत वाचायचो. का आवडायचं ते नीट सांगता येणार नाही. वेगाचं मला तसं काही नाही. पण एकानं गाडी सांभाळून आणायची आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची, यात मला काहीतरी फार चांगलं दिसायचं.

मित्राला गेममध्ये फक्त जोरात पळवणं माहीत होतं. भिंतीवर गाडी आदळली की तो खदखदून हसायचा आणि पुन्हा सुरू करायचा. एकदा मी भीत भीत म्हटलं, "आपण एखादी खरी झालेली शर्यत जशीच्या तशी करून बघायची का?"

"जशीच्या तशी मंजे?"

"म्हणजे तीच गाडी, तोच पाऊस. त्यांनी जिथं चालक बदलला तिथं आपण बदलायचं. गेममध्ये वेळ आखडता येतो. चोवीस तासांची शर्यत दुपारभरात होईल."

त्यानं माझ्याकडं जरा पाहिलं. "आयला, डोकं हाय राव तुला," तो म्हणाला आणि लगेच खुर्चीत बसला. शोधून काढायचं काम माझं, हे तिथंच ठरलं. खुर्ची कुणाची हे ठरवायची गरजच नव्हती.

आम्ही पहिली शर्यत केली ती मला सर्वांत जास्त आवडणारी. त्या काळी तिथं सुरुवातीला चालक रस्त्याच्या एका बाजूला उभे राहत आणि झेंडा पडला की पळत जाऊन पलीकडच्या गाडीत उडी मारत. पट्टे बांधायला वेळ नसे, म्हणून माणसं मरत. त्या वर्षी एक चालक पळालाच नाही. तो चालत गेला, शांतपणे पट्टा बांधला, सगळ्यांच्या मागून निघाला आणि दुसऱ्या दिवशी थोडक्यात जिंकला. मी मित्राला सांगितलं, दारापासून खुर्चीपर्यंत चालत ये. तो नवरदेवासारखा आला, मधे थांबून आरशात भांग पाडला. मला हसू आलं आणि रागही आला. माझ्या दृष्टीनं ती थट्टेची गोष्ट नव्हती.

मधल्या कंटाळवाण्या फेऱ्या मी चालवल्या. टायर जपले, पेट्रोल जपलं, कुठंही घासू दिली नाही. शेवटी गाडी थांब्यावर आली तेव्हा मी उठलो, तो बसला, आणि त्यानं ती जिंकून नेली. त्याच्या घरचे दारात जमले होते. त्याचे चुलते, ज्यांना सगळे नाना म्हणतात, तेही वर आले होते. नाना म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीतलं मोठं नाव. त्यांनी मी चालवत असताना मागून विचारलं होतं, "गाडा कुणाचा ह्यो?"

"आता हा चालवतोय, नाना," मित्र म्हणाला.

"चालवतोय कोन ते न्हाई इचारलं. गाडा कुणाचा?"

"आपलाच की."

"मंग ठीक हाय."

यात नानांचं चुकलं असं म्हणता येत नाही. आमच्या भागात घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, बैलगाडा पळतो तो मालकाच्या नावानं. बैल जुंपणारे असतात, पुढं घोडीवर बसणारा असतो, पण माइकवर नाव येतं ते मालकाचं आणि त्याच्या गावाचं. नानांना त्याच रीतीनं टीव्हीवरची गाडीही समजत होती. ती जिंकली तेव्हा त्यांनी घाटात करतात तेच केलं. खाली जाऊन भंडाऱ्याची पिशवी आणली आणि "येळकोट येळकोट" म्हणत मूठमूठ उधळली. मित्र पिवळा झाला, टीव्ही पिवळा झाला. मी कडेला होतो, माझ्या खांद्यावर थोडा पडला.

दुसऱ्या दिवशी पेडल उचक्या देऊ लागलं. आत हळद गेली होती. पाय न लावताही गाडी पुढं धक्के घ्यायची. नाना म्हणाले, "बैल तापलाय तुमचा." मित्राच्या पुण्याच्या मामेभावाकडे स्टिअरिंग-पेडलांचा एक जुना संच पडून होता, तो त्यानं मागवून घेतला. दरम्यान आम्ही पहिल्याची पेडलं खोलून ब्रशनं आणि ट्रॅक्टरच्या हवेच्या पंपानं साफ केली, तर तीही चालू झाली. असे आमच्याकडे दोन संच झाले. आमच्याकडे म्हणजे त्यांच्याकडे.

त्या पहिल्या शर्यतीचा व्हिडिओ मित्रानं टाकला. खाली लोकांनी लिहिलं, "लई भारी भाऊ", "ओतूरचा वाघ", "नाद खुळा". मधल्या फेऱ्यांमध्ये पडद्यावर फक्त गाडी दिसत होती, माणूस दिसत नव्हता. त्यानं माझं नाव लिहिलं होतं, अगदी मनापासून लिहिलं होतं, पण ते जिथं होतं तिथं जायला आणखी एकदा बोट दाबावं लागतं. मी होस्टेलवर पडून रोज ते दाबून बघायचो. कुणीतरी माझ्याबद्दल काही लिहिलंय का, ते बघायचो. त्याच्याबद्दल नवीन काय लिहिलंय तेही बघायचो, आणि ते आधी बघायचो.

हेवा कसा असतो ते मला त्या दिवसांत कळलं. मला त्याचं वाईट व्हावं असं कधीच वाटलं नाही. तो आजारी पडला तर मीच औषध नेऊन दिलं असतं. फक्त तो हसला की मला वाटायचं, याला हे हसू कुठून मिळतं? त्याची आई आम्हा दोघांना सारख्याच कपात चहा द्यायची, भाकरी वाढताना माझ्या ताटात आधी वाढायची. त्यानं तर मला आणखीच लहान वाटायचं. आणि तो हरला तरी त्याला काही होत नसे. मी एखाद्या वळणावर चुकलो की ती चूक माझ्याबरोबर होस्टेलवर यायची.

मग जत्रा आली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घाटात शर्यती असतात. आता तिथं सगळ्यांना दिसावं म्हणून मोठा पडदा लावतात. जेवणाच्या सुट्टीत त्यावर नुसत्या खतांच्या आणि सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती फिरत राहतात. नाना जत्रा कमिटीत. ते म्हणाले, "त्या टायमाला आपल्या पोरांचा गाडा पळवू. माइकवाला बोलंल मदी मदी."

दोन संच, दोन गाड्या. मी लगेच शर्यत सुचवली, जणू आधीपासून तयारच होतो. साठीच्या दशकात एका अमेरिकन कंपनीच्या गाड्या चोवीस तासांच्या शेवटी सर्वांत पुढं होत्या. कंपनीला वाटलं, आपल्या गाड्या एका ओळीत रेषा ओलांडताना दिसल्या तर काय फोटो येईल. म्हणून सर्वांत पुढच्या गाडीला हळू व्हायला सांगितलं. त्यातल्या चालकानं ती गाडी घडवण्यात खूप कष्ट घेतले होते. तो हळू झाला, मागची गाडी त्याच्या बरोबरीला आली, दोघांनी रेषा जवळजवळ एकदम ओलांडली. मग पंचांनी सांगितलं की मागची गाडी सुरुवातीला जास्त मागून निघाली होती, म्हणजे तिनं जास्त अंतर कापलं, म्हणून ती जिंकली. पुढचा माणूस थांबला आणि हरला. त्याच उन्हाळ्यात गाडीची चाचणी घेताना तो गेला.

मी हे नानांना सगळं समजावलं. ते ऐकून घेतात, पण ऐकताना मिशीवरून हात फिरवतात, तेव्हा समजायचं की पटत नाही.

"पुढची गाडी आमच्या पोराची," ते शेवटी म्हणाले.

"नाना, पुढची गाडी हरते."

"पुढं आसलेलं हारतं व्हय रं कुठं? आन एका टायमाला दोन गाडे घाटात? आमच्यात घड्याळ सांगतं कोन जिकला ते." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू मागली घे. पावणा हायस तू."

मित्र हसला. "घे की राव. तूच जिंकणार मंग."

मी मान हलवली. आतून मला इतका आनंद झाला होता की तो चेहऱ्यावर दिसेल अशी भीती वाटली. मी काही लपवलं नव्हतं, सगळं सांगितलं होतं, आणि तरी जिंकणारी गाडी माझ्याकडं आली होती. ठरलं असं: शेवटच्या फेरीत मित्र हळू होणार, मी बरोबरीला येणार, दोघं एकदम रेषा ओलांडणार. लोक गोंधळतील, तेव्हा मी माइकवर जाऊन कोण जिंकलं आणि का ते सांगणार. माइकवाला माझं नाव घेईल, माझ्या गावाचं नाव घेईल. आमच्या गावाचं नाव कुठल्याही माइकवर आलेलं मी ऐकलेलं नाही. एसटीच्या पाटीवरही ते नसतं, आम्हाला अलीकडच्या गावाचं नाव सांगून उतरावं लागतं. मी घरी फोन केला. वडलांना आम्ही दादा म्हणतो. म्हटलं, "दादा, जत्रेला या. माझं नाव घेणार हायेत माइकवर." दादा म्हणाले, "बरं." दुसऱ्यांच्या जत्रेला ते सहसा जात नाहीत.

ते आले. पडद्याच्या बाजूला रसवंतीच्या सावलीत धुतलेला सदरा घालून उभे राहिले. सकाळच्या बाऱ्या, म्हणजे बैलगाड्यांच्या पाळ्या, संपल्या होत्या, लोक पत्रावळी घेऊन घाटाच्या दोन्ही अंगाला बसले होते. आम्ही दोघं मांडवात शेजारी शेजारी बसलो. माइकवाला बैलांना बोलतो तसाच सुरू झाला, "लक्ष द्या मंडळी, लक्ष द्या! आता पळनार हायेत बिनबैलांचे गाडे!" लोक हसले. काही जण जेवता जेवता वळले.

मित्र पुढं होता, मी मागं. मी गाडी इतकी चांगली कधीच चालवली नव्हती. शेवटची फेरी आली. मला त्याची गाडी दिसत होती, तिचा मागचा भाग मोठा मोठा होत होता. तो हळू झाला. ठरल्याप्रमाणं मी बरोबरीला आलो. आणि मग तो आणखी हळू झाला. मी बाजूला पाहिलं, तर त्यानं पाय पेडलावरून उचलून खाली जमिनीवर ठेवला होता. माझी गाडी पुढं निघाली. मला थांबता आलं असतं, पण हे कळेपर्यंत रेषा आली होती.

"भिर्रर्र! झाली झाली झाली!" माइकवाला ओरडला. सांगायला काही उरलंच नव्हतं. कोण जिंकलं ते पत्रावळी घेऊन बसलेल्या पोरालाही दिसलं होतं. माइकवाल्यानं हातातल्या कागदाकडं पाहिलं. नानांनी त्याला दोन्ही गाड्यांचे मालक लिहून दिले होते. माझ्यासमोरचा संच मित्राच्या पुण्याच्या मामेभावाचा. माइकवाल्यानं त्या मामेभावाचं नाव घेतलं, पुढं श्री. लावून, पुण्यातल्या त्याच्या भागासकट. "पुन्याहून आलेला गाडा! गाडामालकांचं मनापासून अभिनंदन!" हलगी वाजली. तो मामेभाऊ तेव्हा पुण्यात ऑफिसमध्ये असणार.

मी उठून उभा राहिलो होतो, बोलायची वाक्यं जुळवून. ती तशीच राहिली. मित्रच पळत माइकवाल्याकडं गेला, त्याच्या कानात काही बोलला. "हां हां, चालकाचं बी नाव घेऊ," माइकवाला म्हणाला. त्यानं माझं नाव घेतलं. आमच्या गावाचं नाव त्यानं ऐकलेलं नसावं, म्हणून "ओतूर होस्टेल" म्हणाला. लगेच पुढं हरवलेल्या मोटारसायकलच्या चावीचं सांगितलं.

दादा जवळ आले. "नाव घेतलं की. आयकलं मी." मग म्हणाले, "त्यो तुझा दोस्त थांबला ना मदीच?"

"थांबायचंच व्हतं दादा. खऱ्या शर्यतीत पण तसंच झालंय."

"आसं व्हय." तेवढ्यात मित्र आला, वाकून त्यांच्या पाया पडला, "जेवल्याबिगर जायचं न्हाई, आमच्याच घरी चला" म्हणाला. दादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो पुढं गेल्यावर मला म्हणाले, "पोरगं लई गुनाचं हाय." माझ्याबद्दल ते असं कुणाजवळ म्हणत असतील, पण मी ते ऐकलेलं नाही.

त्यांच्याकडं जेवून दादा एसटीनं निघून गेल्यावर मी मित्राला जत्रेत गाठलं. तो भेळ खात होता.

"एवढा का थांबलास? बरोबरीनं यायचं ठरलं होतं."

"आरं, तुझं वडील आल्यात म्हटलं."

"मग?"

"मग काय मग. जिक म्हटलं." त्यानं भेळेचा कागद माझ्यापुढं केला. "घे. तिखट हाय जरा."

मी घेतली. तू मला जिंकू दिलंस म्हणून मी हरलो, हे कुणाला सांगितलं तर कोण ऐकेल? त्यानं वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्याकडं इतकं आहे की जिंकणंसुद्धा तो कागदातल्या भेळेसारखं पुढं करू शकतो, आणि त्याला ते जाणवतही नाही. मला त्याच्या घराचा, बैलांचा, बोलण्याचा हेवा वाटत होता तोवर ठीक होतं. त्या दिवसापासून मला त्याच्या चांगुलपणाचा हेवा वाटू लागला, आणि त्यावर मला काही उपाय सुचत नाही.

जत्रेनंतर त्याच्या खोलीत मी म्हटलं, "ती शर्यत आपण नीट करू. व्हिडिओसाठी. या वेळी पुढची गाडी मला दे."

"तू थांबनार?"

"हो."

हे मी खरंच मनापासून म्हटलं होतं. मला दाखवायचं होतं की थांबणं कसं असतं. मोजून, नेमकं, बरोबरीपुरतं. आम्ही शेवटच्या फेरीपासून सुरू केलं. मी पुढं होतो. रेषा दिसू लागली तसा मी पाय उचलायला गेलो आणि तो उचलला गेला नाही. थोडा ढिला झाला आणि परत दाबला गेला. मी दोन गाड्यांच्या अंतरानं पुढं गेलो.

"हरकत न्हाई. परत," मित्र म्हणाला.

परत तेच झालं. एकदा मी लवकर पाय काढला, पण तो बरोबरीला आलेला दिसला की आपोआप खाली गेला. एकदा मी डोळे मिटले, तर गाडी भिंतीवर गेली. मित्र हसला नाही. नेहमी तो अशा वेळी हसतो. तो दर वेळी मागं जाऊन थांबायचा, मी तयार आहे का विचारायचा आणि सुरू करायचा. खालून त्याची आई जेवायला हाका मारत होती.

"तू सांगितलंस ना, त्या मानसानं येवढं राबून शेवटी गाडी हळू केली," तो मधेच म्हणाला. "त्याला कसं जमलं आसंल रं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "तुला कसं जमलं?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "मला काय वाटलंच न्हाई," तो म्हणाला.

जेवून येतो म्हणून तो खाली गेला. मी त्याच्या जागी संगणकाचा चालक लावला, पुढची गाडी घेतली आणि शेवटची फेरी पुन्हा सुरू केली. तो व्हिडिओ अजून झालेला नाही. मित्र अधूनमधून विचारतो, आणि मी म्हणतो, होईल.